सल्फा आणि सल्फेट

लाखनीच्या धानपट्ट्यात झिंक सल्फेट कुणाला नवं नाही. बांधीतलं धान तांबूस पडलं, की दुकानातून पिशवी येते. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, आणि पावसाळ्यात गढूळ पाण्यात फिरवतात ती तुरटीही सल्फेटच. हे शब्द भीती घालायला लागतात ते गोळीच्या पाकिटावर आले की.

माझ्या मावसबहिणीला सहावा महिना होता, हिमोग्लोबिन ८.६. आशाताईंनी दिलेल्या लाल गोळ्या डब्यात तशाच पडून. "ताई, याच्यावर सल्फेट लिहून हाय. मले नोको."

तिची भीती पोकळ नव्हती. चार वर्षांपूर्वी लघवीच्या जंतुसंसर्गावर को-ट्रायमोक्सॅझोल घेतलं आणि अंगभर पुरळ उठलं. तेव्हापासून तिच्या फाईलवर लाल शाईत 'सल्फा अ‍ॅलर्जी' लिहिलेलं आहे. ते तसंच राहायला हवं, कारण या औषधांनी क्वचित कातडी सोलवटून जिवावरही बेततं.

पण सल्फा हे सल्फोनामाइड कुळातल्या औषधांचं लाडकं नाव. गेरहार्ट डोमाक यांनी १९३५ साली प्रॉन्टोसिलचा अभ्यास प्रसिद्ध केला, १९३९ चं नोबेल त्यांना जाहीर झालं, ते याच कुळासाठी. त्यात गंधकाला नायट्रोजन आणि कार्बनी सांगाडा जोडलेला असतो; अ‍ॅलर्जी येते ती त्या रचनेला. सल्फेट म्हणजे एक गंधक, चार ऑक्सिजन, बस्स. ते आपल्या रक्तातही असतं. सुक्या जर्दाळूंत घालतात ते सल्फाइट आणखी वेगळं. काही दमेकऱ्यांना त्रास देतं, पण सल्फा सोसत नाही म्हणून तेही सोसणार नाही, असं नाही. खुद्द गंधकाची अ‍ॅलर्जी असती तर अंडं, कांदा सोडाच, स्वतःची नखं-केसही सोसले नसते!

हे मी तिला सांगितलं, तरी माझ्या शब्दावर तिनं गोळी घ्यावी असं मला वाटत नव्हतं. पाकीट आणि फाईल घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी लाल शाईखाली निळ्या शाईत लिहिलं: 'फेरस सल्फेट चालेल.' फाईलवर मुळात औषधाचं पूर्ण नाव लिहिलं असतं तर हे महिने वाया गेले नसते, असं मला अजून वाटतं.

आता ती रोज रात्री लिंबूपाण्यासोबत गोळी घेते. साठ मिलिग्रॅम लोह, सोबत फॉलिक अ‍ॅसिड. शौचाला काळं होतं म्हणून एकदा घाबरून फोन केला होता. गोळीच्या आगेमागे चहा नको, हे मात्र तिला अजून पटलेलं नाही.