कोठार कुणाचं?

मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात. भीमेच्या खोऱ्यातली ही काळी रानं परतीच्या पावसाची ओल धरतात आणि त्या ओलीवरच मालदांडी पिकते. 2016 साली या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं.

आम्ही वाढलो ते याच भाकरीवर आणि दामाजीपंतांच्या कथेवर. दुष्काळात त्यांनी बिदरच्या बादशहाची कोठारं लोकांना खुली केली आणि विठ्ठलानं विठू महार होऊन त्याचं मोल भरलं, असं सांगतात. वर्गात ‘बादशहा’ शब्द आला की पोरं आमच्याकडं बघायची. आम्ही मान खाली घालायचो. घरी अम्माला विचारलं, तर भाकरी थापता थापता ती म्हणाली, ‘‘दामाजीकू कोठारपे बिठाया कोन? बादशानेच ना?’’

दुसऱ्या दिवशी वर्गात हे सांगायचं धाडस काही झालं नाही. दामाजींच्या देवळावरून जाताना अजून आठवतं.