कापूस विकला की काशी, पोळा झाला की लेह

मानवतच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग लागायची, जिनिंगचा आवाज रात्रीही थांबायचा नाही, आणि घरोघर हातात पैसा यायचा तो पौषाच्या सुमारास. म्हणून आमच्याकडची काशीयात्रा माघात निघायची. ऊन तापायच्या आत परत यायचं, पाडव्याला घरी असायचं. तिथी-मुहूर्त बघितला जायचाच, पण त्याआधी कापूस आणि ऊन बघितलं जायचं. जाणारी माणसं बहुतेक साठीच्या आसपासची. मुलांची लग्नं झालेली, शेताचा कारभार मुलांकडे गेलेला आणि पायांत अजून बळ असलेली. अशी दहा-बारा माणसं मिळाली की जथा व्हायचा.

हल्ली वर्तमानपत्रांतून आणि मोबाइलवरून 'स्मॉल ग्रुप टूर'च्या जाहिराती येतात. बारा-पंधरा माणसं, एकच गाडी, सावकाश कार्यक्रम, ज्येष्ठांसाठी खास. मला त्या वाचताना आजीचा जथा आठवतो आणि वाटतं, आपल्या गावात हे होतं की! माणसांचा आकडाही तोच, वयही तेच. फक्त तयारी कुठून सुरू करायची हे पार बदललं.

जथ्याची तयारी ढाळजेतल्या बैठकीपासून सुरू व्हायची. संध्याकाळी जेवणं आटोपली की जाणारे सगळे जमायचे. गल्लीतले, भावकीतले, शेताला शेत लागून असलेले. महिना-दीड महिना या बैठका चालायच्या. वर्गणी किती, पैसे कुणाजवळ ठेवायचे, स्वयंपाक कोण करणार, सोवळ्याचं कोण, कुणाचा कोणता उपास, रात्री कुणाला दिसत नाही, कुणाला चालताना दम लागतो, हे सगळं तिथं उघडपणे बोललं जायचं. दम लागणाऱ्याला कुणी मागं ठेवत नसे; त्याची पडशी कोण घेणार एवढंच ठरायचं. आमच्या भागातल्या त्या पिढीची एक जमेची बाजू होती. निजामाच्या राजवटीत शाळा उर्दूतून झालेली असल्यामुळे जुन्या पुरुषांना हिंदुस्थानी सहज बोलता येई. उत्तरेतल्या टांगेवाल्याशी, धर्मशाळेच्या मुनिमाशी बोलणी करायला असा एखादा काका जथ्यात आवर्जून घेतला जायचा.

आजीच्या सामानाची आठवण अजून लख्ख आहे. वळकटी, पत्र्याची ट्रंक, फिरकीचा तांब्या, स्टोव्ह आणि रॉकेलची बाटली. शिध्यात तांदूळ, डाळ, सातूचं पीठ, कारळाची आणि जवसाची चटणी. पहिल्या दोन दिवसांसाठी दशम्या आणि धपाटे, कारण दुधात भिजवलेल्या दशम्या प्रवासात टिकतात. पैसे कापडी बटव्यात घालून लुगड्याच्या आत खोचलेले. "माय, एवढं सामान कशाला?" असं आई विचारायची आणि आजीचं उत्तर ठरलेलं असायचं, "वाटंत कामाला येतं."

हे सगळं बैलगाडीत घालून आधी मानवत रोड गाठायचं. रेल्वेचं स्टेशन गावापासून लांब, म्हणून त्याच्या नावापुढे 'रोड' लागलेलं. निजामाच्या काळातली ती मीटर गेज लाईन मनमाडपर्यंत जायची. मनमाडला सगळं सामान उतरवून मोठ्या लाईनच्या गाडीत चढवायचं. साठीची माणसं डोक्यावर ट्रंका घेऊन फलाट बदलायची! नव्वदच्या दशकात आमची लाईन रुंद झाली आणि हा मनमाडचा खटाटोप संपला. आज परभणीहून सचखंड एक्सप्रेसमध्ये बसलं की थेट दिल्लीलाच उतरायचं.

पण जुन्या तयारीतला सगळ्यात मोठा भाग सामानाचा नव्हताच. तो घराच्या निरवानिरवीचा होता. कुणाचे उसने पैसे असतील ते फेडायचे. जमिनीचे कागद कुठल्या पेटीत आहेत ते मुलांना दाखवायचं. कोणता दागिना कोणत्या सुनेचा ते तोंडानं सांगून ठेवायचं. ज्याच्याशी अबोला असेल त्याच्या घरी जाऊन यायचं. परतू की नाही याची खात्री नाही हे गृहीत धरलेलं असायचं आणि त्याचं कुणी भय बाळगत नसे. दुसरं काम म्हणजे वाडवडिलांची नावं गोळा करणं. प्रयाग, काशी, गया इथले तीर्थोपाध्याय आपल्या वह्यांतून घराण्याच्या नोंदी काढून दाखवतात. त्यासाठी पणज्याचं, खापरपणज्याचं नाव आणि मूळ गाव माहीत असावं लागतं. म्हणून निघण्याआधी गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे जाऊन नावं विचारून यायची. या त्रिस्थळीचा विधी सांगणारा 'त्रिस्थलीसेतु' हा ग्रंथ सोळाव्या शतकात काशीत लिहिला तो नारायणभट्टांनी, आणि त्यांचं घराणं मूळचं आमच्याच गोदावरीवरच्या पैठणचं. काशी आणि गोदाकाठ यांची जवळीक इतकी जुनी आहे.

शरीराची वेगळी तयारी मात्र कुणी केली नाही. जात्यावर दळणारी, विहिरीचं पाणी शेंदणारी, रोज शेतात पायी जाणारी माणसं ती; त्यांना प्रवासासाठी चालायचा सराव करा असं सांगितलं असतं तर नवल वाटलं असतं. मोठ्या मेळ्याला जायचं असेल तर पटकीची लस टोचून घ्यावी लागे, एवढाच काय तो वैद्यकीय भाग.

आता आमची पाळी. आम्ही काही मैत्रिणी आणि दोघी-तिघींचे यजमान मिळून लडाखला निघालो आहोत. शाळांच्या सुट्ट्या सांभाळायच्या नसल्यामुळे मे-जूनची गर्दी टाळता आली. तरी शेत सुटत नाही. मृगाच्या पेरणीच्या वेळी घर सोडवत नाही, आणि दिवाळीच्या आधी वेचणी सुरू होते. मधला मोकळा काळ म्हणजे पोळा झाल्यानंतरचा, आणि सप्टेंबर हा लडाखचाही चांगला महिना.

मराठी माणसाला गटानं प्रवास करायची सवय लावण्यात केसरी टूर्ससारख्या कंपन्यांचा वाटा मोठा आहे. केसरी 1984 सालची, वीणा वर्ल्ड 2013 सालची. ज्येष्ठांच्या आणि फक्त स्त्रियांच्या सहली त्यांनी रुळवल्या. पण सहल कुणाचीही असो, आमच्या वयात पैसे भरण्याआधी काही प्रश्न विचारलेच पाहिजेत. एका मुक्कामी किती रात्री? गाडीतून उतरून किती चालायचं, किती पायऱ्या चढायच्या? हॉटेलात लिफ्ट आहे का? एकट्या बाईला खोलीत सोबत कोण? लेहला पोचल्यावर पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांतीचे आहेत का? या शेवटच्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं नाही तर ती सहल सोडून द्यावी, असं माझं ठाम मत आहे. मानवत समुद्रसपाटीपासून जेमतेम चारशे-साडेचारशे मीटरवर, लेह साडेतीन हजार मीटरवर. तिथं हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे दोन-तृतीयांश उरतो. दिल्लीहून विमान तासा-दीड तासात तिथं नेऊन सोडतं, पण शरीराला तेवढ्यात जमवून घेता येत नाही. मनमाडला गाडी बदलणाऱ्या जथ्याला असं एकदम उंचावर कधी जावं लागलंच नाही.

त्यामुळे आमची तयारी गुडघ्यांपासून सुरू झाली. आमचा मुलूख काळ्या मातीचा, सपाट. चढाचा सराव करायचा कुठं? काही जणी गच्चीचा जिना चढतात-उतरतात, परभणीतल्या दोघी स्टेशनवरचा पादचारी पूल वापरतात. चढण्यापेक्षा उतरताना गुडघे जास्त बोलतात, म्हणून उतरण्याचा सराव जास्त. नवे बूट आधी महिनाभर घालून पाय आणि बूट एकमेकांना सवयीचे करायचे. औषधांचे दोन संच, त्यातला एक कायम हातातल्या पिशवीत. इन्सुलिन सामानात टाकायचं नाही, कारण विमानाच्या पोटात ते गोठू शकतं. उंचीसाठीच्या गोळ्या घ्यायच्या की नाही हे आपल्या डॉक्टरांना रक्तदाबाचा आणि हृदयाचा अहवाल दाखवूनच ठरवायचं.

आजी विधवा झाल्यावर तिला घराबाहेरचं जग दिसलं ते यात्रेमुळेच. तीर्थाला निघालेल्या बाईला कुणी अडवत नसे. दुसऱ्या कुठल्या कारणानं तिला हजार मैल जाताच आलं नसतं. आज माझ्या मैत्रिणी स्वतःच्या पेन्शनमधून पैसे भरतात आणि डोंगर बघायचेत एवढंच कारण सांगतात. ते कारण पुरतं. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. राज्यात पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना 2022 पासून एसटी मोफत आहे, 2023 पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि 2024 साली ज्येष्ठांसाठी मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजनाही आली. मग रेल्वेनं ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 मध्ये बंद केली ती अजून का परत येत नाही? साठीच्या पुरुषाला 40 टक्के आणि 58 वर्षांच्या बाईला 50 टक्के सूट होती. आमच्यासारख्यांचं निभतं, पण शेतमजुरी करून म्हाताऱ्या झालेल्या बाईसाठी ती सवलत म्हणजेच प्रवास होता. ती परत मिळालीच पाहिजे.

एका गोष्टीत मात्र आजीचा जथा आमच्या पुढे होता, आणि ती भरून काढायला आम्ही जास्त मेहनत घेतली. बाहेरच्या सहलीत माणसं एकमेकांना प्रथम विमानतळावर भेटतात. आधी व्हॉट्सॲपवर गट होतो, पण तिथं फुलांची चित्रं आणि सुप्रभात. चाळीस माणसांच्या बसमध्ये अनोळखीपणा खपून जातो. बारा जणांत एकाचा त्रागा सगळ्यांच्या जेवणाच्या ताटापर्यंत येतो. म्हणून आम्ही जिंतूर, सेलू, परभणी आणि मानवतच्या सगळ्यांनी परभणीत एकत्र बसायचं ठरवलं, आणि बसलो. कुणाला मधुमेह आहे, कुणाला रात्री तीनदा उठावं लागतं, कोण घोरतं, कुणाला कांदा-लसूण चालत नाही, कुणाच्या घरी कुठला नंबर लावायचा, हे प्रत्येकानं तोंडानं सांगितलं. सुरुवातीला संकोच झाला, विशेषतः पुरुषांना. मग एका ताईंनी आपल्या हृदयातल्या स्टेंटबद्दल सांगितलं आणि पुढं सगळे बोलते झाले. हळू चालणाऱ्यांच्या सोबत रोज आळीपाळीनं कुणीतरी थांबायचं हेही तिथंच ठरलं. मृत्युपत्राचा विषयही निघाला. निरवानिरवी हा शब्द कुणी उच्चारला नाही, पण बँकेची, विम्याची माहिती मुलांना लिहून द्यायची यावर सगळ्यांचं एकमत झालं.

पूर्वी घरी परतलं तरी यात्रा पुरी होत नसे. गंगेच्या पाण्याच्या गडूची पूजा, गावजेवण, म्हणजे मावंदं झालं की मग ती पुरी. आताच्या सहली विमानतळावरच्या सामानाच्या पट्ट्यापाशी संपतात. जो तो आपली बॅग उचलतो आणि चालू लागतो. आम्हाला ते नको होतं. दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनी मानवतला आमच्याकडे यायचं, ज्यांच्या घरच्यांनी मागं राहून शेत आणि नातवंडं सांभाळली त्यांना घेऊन. पुरणाचा स्वयंपाक मी आणि माझी सून करणार आहोत, आणि धपाट्यांची जबाबदारी सेलूच्या मंडळींनी आपणहून घेतली आहे.