चिरंजीवांची पी.एल.

"बाबा, आमची पी.एल. सुरू झाली," असं चिरंजीवांनी फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या पोटात प्रथम असूयाच उभी राहिली, हे कबूल करायला हवं. तेवीस वर्षं बँकेत खर्डेघाशी करणाऱ्या माणसाला पी.एल. म्हणजे प्रिव्हिलेज लीव्ह एवढंच ठाऊक. ती खात्यावर साठते, दिसते, पण मिळत नाही. अर्ज पुढे केला की साहेब चष्म्यावरून बघत विचारतात, "घरी कुणी गेलं का?" आणि इथे ज्यानं जन्मात एक व्हाउचर लिहिलेलं नाही, त्या एकोणीस वर्षांच्या पोराला सरसकट पी.एल.!

"मग कुठे जाणार आहेस?" मी विचारलं.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्यानं समजावून सांगितलं, की पी.एल. म्हणजे प्रिपरेशन लीव्ह. सत्र संपलं, सबमिशन झालं, आता परीक्षेपर्यंत तास नाहीत. खोलीत बसून अभ्यास करायचा. ज्या रजेत काम दुप्पट असतं अशी रजा मी प्रथमच ऐकत होतो.

ही २०२३ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. चिरंजीव पुण्याला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला, आम्ही साताऱ्याला. मधे शंभरावर किलोमीटर आणि खंबाटकीचा घाट. आमच्या वेळी परीक्षा वर्षातून एकदा, आंब्यासारखी उन्हाळ्यात यायची, त्यामुळे आईबापांची काळजीही हंगामी असायची. आता सेमिस्टर आलं. त्यातही मधे तीस मार्कांची एक परीक्षा आणि शेवटी सत्तर मार्कांची दुसरी. म्हणजे काळजी बारमाही. शिवाय सबमिशन नावाचं एक प्रकरण असतं. त्यात प्रत्येक विषयाची फाइल घेऊन मुलं सरांच्या मागे फिरतात, आणि सगळ्या सह्या झाल्या की मगच 'टर्म ग्रँट' होते. मला ही पद्धत आवडली. इतक्या सह्या आमच्याकडे गृहकर्जालाही लागत नाहीत.

त्याच सुमारास कॉलेजनं पालकांची सभा बोलावली. एका समुपदेशक बाईंनी तासभर सांगितलं, की सत्राच्या शेवटी मुलांपेक्षा पालकांनाच जास्त सांभाळावं लागतं. निघताना प्रत्येकाला एक छापील कागद मिळाला. रोज फोन करा, पण अभ्यासाविषयी विचारू नका. तुलना करू नका. 'आम्ही तुझ्या पाठीशी आहोत' हे त्याला जाणवू द्या. आमच्या हिनं घरी आल्याबरोबर तो कागद फ्रिजवर चुंबकानं लावला. त्या जागी आधी दुधाचा हिशेब असायचा, यावरून प्रसंगाचं गांभीर्य ध्यानात यावं.

आता तुम्हीच सांगा, परीक्षेला बसलेल्या मुलाशी अभ्यास सोडून काय बोलायचं असतं? रात्री बरोबर नऊ वाजता मी फोन लावायचा.

"जेवलास का?"

"हो."

"काय होतं?"

"पनीर."

"काल पण पनीरच होतं ना?"

"हो."

यानंतर संभाषण एखाद्या घाटात बंद पडलेल्या एस.टी.सारखं उभं राहायचं. अभ्यास हा विषय मधोमध बसलेला आणि आम्ही दोघं दोन्ही बाजूंनी त्याला वळसा घालतोय. मग मी थंडीकडे वळायचो. पुण्यात थंडी किती, साताऱ्यात किती. (तुलना करू नका हा नियम हवेला लागू नसावा, असं मी गृहीत धरलं.) तेवढ्यात ही फोन ओढून घ्यायची आणि विचारायची, "पोट साफ होतंय ना रे?" हा प्रश्न कागदावर नव्हता, पण कागद लिहिणारीला मूल नसावं, असं हिचं मत.

चौथ्या दिवशी चिरंजीवच म्हणाले, "बाबा, तुम्ही काहीतरी लपवताय. आजी बरी आहे ना?"

फोन हे साधन अपुरं पडतंय असं ठरवून मी रविवारी प्रत्यक्षच गेलो. बरोबर पिशव्या तीन. चिवडा, डिंकाचे लाडू, मेतकूट, रोज पाच भिजवून खायचे बदाम, आणि आईनं डोक्याला थंडावा म्हणून दिलेली ब्राह्मी तेलाची बाटली. स्वारगेटला उतरून रिक्षानं खोलीवर पोचलो. चौघांची खोली. दोरीवर कपडे, पंख्यावर धूळ, आणि जमिनीवर इतके कागद, की पाय कुठे ठेवायचा हा मोठा प्रश्न. लाडूंचा डबा उघडला. आई चार दिवस खपली होती. अकरा मिनिटांत डबा रिकामा झाला. बदामांनी भिजण्याची वाट पाहिलीच नाही. तेलाच्या बाटलीकडे मात्र चौघांनीही आदरानं दुरून पाहिलं.

आपल्या नुसत्या असण्यानं मुलाला धीर येतो, असं बाई म्हणाल्या होत्या. म्हणून मी कॉटवर नुसता असत बसलो. अर्धा तास झाला, तास झाला. मुलं पुस्तकं उघडून माना खाली घालून बसली होती. पान कुणाचंच उलटत नव्हतं. दीड तासानं त्यातला एक अत्यंत नम्र मुलगा म्हणाला, "काका, परतीची गाडी किती वाजता असते?"

निघताना मी त्याचं एम-थ्रीचं पुस्तक चाळलं. एम-थ्री म्हणजे गणित, तिसरं. मी बी.कॉम. बेरीज मला कॉलेजनं शिकवली, वजाबाकी पगारानं. त्या पुस्तकात आकडे जवळजवळ नव्हतेच. पानोपानी कुणी लाप्लास नावाचे गृहस्थ होते. मुलाच्या मागे लागलेला हा माणूस आहे तरी कोण, म्हणून परतीच्या गाडीत मोबाइलवर वाचत बसलो. आणि घाटाच्या अलीकडे मला असं काही सापडलं, की मी जागेवरच फोन लावला.

"अरे, ऐक! हा तुझा लाप्लास लष्करी शाळेत परीक्षक होता. १७८५ साली त्यानं नेपोलियनची परीक्षा घेतली. सोळा वर्षांचा होता नेपोलियन. ५८ जणांत ४२वा आला! बेचाळिसावा! पुढे सम्राट झाला की नाही?"

"बाबा," चिरंजीव शांतपणे म्हणाले, "नेपोलियनला एम-थ्री नव्हतं."

शेजारच्या सीटवरच्या आजोबांनी "कोण नापास झालं?" असं विचारलं. मी घाट येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिलो.

एम-थ्रीच्या आदल्या रात्री पावणेबाराला फोन वाजला. अशा वेळी वाजणारा फोन नऊच्या फोनपेक्षा वेगळा वाजतो. मी स्वयंपाकघरात जाऊन घेतला.

"बाबा, मी उद्या पेपरला बसत नाही."

"का रे?"

"मला काहीच येत नाहीये. मधल्या परीक्षेत तीसपैकी नऊ पडलेत. तुम्हाला सांगितलं नव्हतं." आवाज घोगरा होता. "वर्षाला एवढे पैसे भरता तुम्ही."

आता इथे समजूतदार बापानं काय बोलावं? मला काही सुचेना. समोर फ्रिज होता. मी मोबाइलच्या उजेडात कागदाकडे पाहिलं आणि म्हणालो, "हे बघ, आम्ही तुझ्या पाठीशी आहोत. निकालापेक्षा प्रयत्न..."

"बाबा, तुम्ही कागद वाचताय का?"

"नाही नाही. अरे, तो नेपोलियन..."

"बाबा, नेपोलियन नको."

मग माझ्या तोंडून जे निघालं ते मी पंचवीस वर्षांत कुणापाशी बोललो नव्हतो. म्हणालो, "मी टी.वाय.ला नापास झालो होतो. कॉस्टिंगमध्ये. अठ्ठावीस."

पलीकडे श्वास थांबल्याचं ऐकू आलं. "तुम्ही?"

"मी. १९९८ साली. तुझ्या आजोबांना सांगितलं, निकाल राखून ठेवलाय. ऑक्टोबरला गुपचूप परत बसलो. छत्तीस पडले."

"फक्त छत्तीस?"

"पस्तीसला पास होतं. एक मार्क जास्तीचा आहे, तो अजून वापरलेला नाही."

तो हसला. म्हणजे नाकातून एक आवाज आला. पण मी तो हसण्याच्या खाती जमा धरला. मग मला थोडं बळ आलं. म्हणालो, "आमच्याकडे संध्याकाळी कॅश कमी आली, की कमी किती हे नंतर बघतात. आधी हातात असलेली मोजतात. तुला सत्तरातलं काय येतं ते सांग." लाप्लास येत होतं. व्हेक्टर अर्धं येत होतं. आणखी एकदोन नावं त्यानं घेतली, ती मला कळली नाहीत. पण मी दुधाच्या हिशेबाच्या पाठीमागे आकडे मांडत गेलो. बेरीज चौतीस आली. दोनदा करून पाहिली, चौतीसच. "एवढी कॅश घेऊन कुणी 'काहीच नाही' म्हणतं का रे?" तो म्हणाला, "बघतो." आणि फोन ठेवला.

वळून बघतो तर दारात ही, आणि तिच्या मागे काठी टेकत आई.

"अठ्ठावीस?" ही म्हणाली.

मी काही बोलणार, तोच आई म्हणाली, "यांना ठाऊक होतं."

"कुणाला?"

"तुझ्या बाबांना. तू घरी यायच्या आधीच कॉलेजातल्या बोर्डावर बघून आले होते."

"मग बोलले का नाहीत?"

"बोलून काय, मार्क वाढणार होते? म्हणाले, त्याला वाटतंय ना आपल्याला कळलं नाही, तर वाटू दे. करील अभ्यास." आई स्टुलावर बसली. "आणि तो टीव्ही कुठे बिघडला होता? त्यांनीच वायर काढून कपाटात ठेवलेली."

मला तो टीव्ही आठवला. दसऱ्यापासून त्यावर पांघरूण होतं. घरात कशी छान शांतता झाली, असं मला तेव्हा वाटलं होतं. आणि २८ ऑक्टोबरचा दिवसही आठवला. ढाक्याला सचिननं ऑस्ट्रेलियाविरुद्ध १४१ केले, चार बळी घेतले, तो दिवस. मी गाइड आणायला बाहेर पडलो होतो, तर बाबा टीव्ही दुरुस्तीच्या दुकानासमोर गर्दीत टाचा उंचावून उभे. माझ्याकडे बघून दचकले आणि म्हणाले, "आपल्या टीव्हीचं काय झालं, विचारायला आलो होतो."

बाबांना जाऊन सात वर्षं झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चिरंजीवांचा निरोप आला: 'साठचा सोडवला. कॉस्टिंगपेक्षा बरा गेला.' मी तो कॅशच्या खिडकीत बसून चार वेळा वाचला. समोरच्या गृहस्थांनी काच ठोठावली.

संध्याकाळी घरी आलो तर ही जेवणाच्या टेबलाशी एक पिवळा पडलेला कागद घेऊन बसलेली. एकवीस वर्षांपूर्वी तिच्या माहेरी पाठवलेली माझी माहिती, तिनं कपाटातून शोधून काढली होती. नाव, गोत्र, उंची, पगार. पुढच्या ओळीवर तिनं बोट ठेवलं. 'शिक्षण: बी.कॉम., द्वितीय श्रेणी, पहिल्याच प्रयत्नात.'

"हे काय?" ती म्हणाली. "सरळ सरळ फसवणूक आहे ही!"

मी कागद हातात घेतला. जुनी शाई, ठळक वळणदार अक्षरं, 'प्र'चा पाय जरा लांब ओढलेला.

"हे मी लिहिलेलं नाही," मी म्हणालो. "अक्षर बघ."