नालदेहराच्या चढावर, पायीच

गेल्या मे महिन्यात रजा प्रवास सवलत घेऊन आम्ही सहकुटुंब सिमल्याला गेलो. सोबत अक्का आणि दाजी होते. दाजी महार रेजिमेंटमधून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. छावणीतल्या गोल्फ मैदानाची देखरेख करता करता ते हा खेळ शिकले. "सिमल्याला चाललोच आहोत, तर नालदेहराला एकदा खेळायचंच," हा त्यांचा हट्ट.

नालदेहरा सिमल्यापासून सुमारे २२ किलोमीटरवर, दोन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे. १८९९ ते १९०५ या काळात व्हाइसरॉय असलेल्या लॉर्ड कर्झनना ही जागा फार आवडे. १९०४ साली जन्मलेल्या आपल्या मुलीच्या नावात त्यांनी 'नालदेरा' हे नाव घातले. भोवती देवदारांचे दाट रान, मधून हिरवळीचे उंचसखल पट्टे आणि दूर खाली सतलजचे खोरे.

पूर्ण डाव अठरा होलचा. चेंडूमागे आठ-दहा किलोमीटर सहज चालणे होते. सपाट मैदानांवर पुष्कळ खेळाडू बॅटरीच्या गाडीतून फिरतात. दाजींनी मात्र घरूनच ठरवले होते, "चढ असो की उतार, आपण पायी." दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झालेली. डॉक्टरांनी चालायला सांगितले होते, पण हळूहळू. अक्काचा जीव खालीवर होत होता. शेवटी नऊच होल खेळायचे, यावर तिने होकार दिला. मी सोबत निघालो.

काठ्यांची पिशवी उचलायला एक कॅडी आला, माझ्याच वयाचा. ते पाहून मी अवघडलो. दुसऱ्याच्या खांद्यावर ओझे देऊन आपण हात हलवीत चालायचे? मी तसे बोलून दाखवले, तर तो हसला. "गाडी आली तर मी घरी काय नेऊ?" एवढेच म्हणाला. माझ्याकडे उत्तर नव्हते. नियमाने पिशवीत चौदा काठ्या नेता येतात. दाजींनी निम्म्या काढून ठेवल्या. ओझे निम्मे झाले, रोजी पूर्ण राहिली.

चालू लागल्यावर कळले, तो नुसता ओझेवाला नव्हता. डोळ्यांना जमीन डावीकडे उतरलेली दिसे. तो म्हणे, चेंडू उजवीकडे जाईल. आणि जाई! ही विद्या त्याच्या पायांनी मिळवलेली होती.

चौथ्या होलनंतरच्या चढावर दाजी थांबले. धाप लागली, चेहरा घामाने भिजला. माझे पाय लटपटले. कॅडीने पिशवी खाली ठेवली, दाजींना देवदाराच्या मुळावर बसवले आणि सतलजकडे बोट दाखवून म्हणाला, "साहब, यहाँ सब रुकते हैं।" सगळे थांबत असतील की नाही, कोण जाणे. पण त्या एका वाक्याने दाजींचा मान राहिला. दहा मिनिटे आम्ही तिघे खोरे पाहत बसलो. गाडीत असतो तर तिथे थांबलोच नसतो.

म्हणून गाडी वाईट असे मी म्हणणार नाही. पायाच्या दुखण्याने चालता न येणारा केसी मार्टिन हा अमेरिकन खेळाडू गाडीच्या हक्कासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००१ साली जिंकला. चालणे हा खेळाचा गाभा नव्हे, असे न्यायालयाने मानले. ज्याला चालवत नाही, त्याला गाडी मिळालीच पाहिजे. ज्याला चालवते, त्याने मात्र ते सुख सोडू नये.

नऊ होल संपवून परतलो तेव्हा अक्का वाटेकडे डोळे लावून उभी होती. आम्ही सगळ्यांनी कॅडीसोबत एकाच बाकावर बसून चहा घेतला. थंडीत तो अमृतासारखा लागला.

"किती राहिले?" अक्काने विचारले.

"नऊ," दाजी म्हणाले. "पुढच्या खेपेला. आणि पायीच."

अक्का काही बोलली नाही. तिने आपला पेला त्यांच्याकडे सरकवला.