मधली धार

गरोदरपणातील मूत्रमार्गाच्या संसर्गावर उपचार करणे वैद्यकात फारसे अवघड मानले जात नाही, कारण औषधे ठरलेली आहेत, दिवस ठरलेले आहेत आणि बहुतेक रुग्ण बऱ्या होतात. अवघड असते ते त्याआधीचे काम, म्हणजे कसलीही तक्रार नसलेल्या बाईकडून भरवशाची लघवी मिळवणे. राळेगणसिद्धीच्या परिसरात आयुष्यभर गरोदर स्त्रिया तपासलेल्या डॉक्टरलाही उतारवयात पुन्हा लघवीच्या डबीपाशीच यावे लागते, कारण चाचणीपट्टीवरची फिकट गुलाबी छटा आता त्याच्या डोळ्यांना दिसेनाशी होते आणि पट्टी वाचण्याचे काम शिकाऊ परिचारिकेकडे जाते.

उन्हाळी लागली, आग होते, असे सांगत येणारी बाई या व्यवसायाला सोपी असते. खरी चिंता न सांगणारीची. लघवीत जिवाणू भरपूर आहेत पण त्रास काहीच नाही, या अवस्थेला लक्षणहीन जिवाणुमूत्रता म्हणतात. ती शंभरातल्या साधारण २ ते १० गरोदर स्त्रियांत आढळते आणि उपचार न झाल्यास त्यांतल्या बऱ्याच जणींचा संसर्ग पुढे मूत्रपिंडापर्यंत चढतो. गर्भावस्थेतील प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे मूत्रवाहिन्या सैलावतात, वाढते गर्भाशय उजवीकडे कलून त्यांवर दाब देते, लघवी तुंबते, आणि म्हणूनच थंडी वाजून ताप आलेल्या गरोदर बाईची दुखरी कूस बहुधा उजवी निघते. अमेरिकेतील एडवर्ड कास यांनी १९५० च्या दशकात एका मिलिलिटरमागे १ लाख जिवाणू ही संसर्गाची सीमा मांडली आणि प्रयोगशाळा आजही मुख्यतः त्याच आकड्यावर चालतात; मात्र तो आकडा लघवी नीट धरली गेली असेल तरच खरा.

नीट धरणे म्हणजे जागा धुऊन पहिली धार सोडून द्यायची, मधली डबीत घ्यायची आणि डबीची कड अंगाला लागू द्यायची नाही. कागदावर हे एका ओळीत मावते. प्रत्यक्षात आठव्या महिन्यातली बाई अंधाऱ्या संडासात उकिडवी बसते, एका हाताने लुगडे सावरते, दुसऱ्या हातात डबी धरते, झाकण ठेवायला फळी नसते, आणि पोटाच्या आडून तिला स्वतःची धार दिसत नाही. अशा डबीत योनिमार्गातले जिवाणूही उतरतात आणि अहवालात ‘मिश्र वाढ’ असे लिहून येते, ज्याचा अर्थ पुन्हा डबी द्या एवढाच असतो.

बरे, डबी स्वच्छ आली तरी ऊन असतेच. ई. कोलाय हा या आजारातला नेहमीचा जिवाणू अनुकूल उष्णतेत सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो. निव्वळ गणिताने पाहिले तर दोन हजारांचे दोन तासांत सव्वा लाखावर जातात, म्हणजे एप्रिलच्या दुपारी पिशवीतून नगरच्या प्रयोगशाळेला निघालेली डबी निरोगी बाईलाही रोगी ठरवू शकते. लशींच्या पेटीत ती ठेवता येत नाही, ठेवूही नये; बर्फाची वेगळी पेटी हवी असते आणि नेमकी तीच मिळत नाही. पट्टीची तऱ्हा याहून उफराटी आहे. तिच्यावरची नायट्राइटची खूण उमटायला लघवी मूत्राशयात चारेक तास राहावी लागते, आणि दर महिन्याच्या ९ तारखेला मातृत्व अभियानाच्या तपासणीच्या रांगेत बसलेली गरोदर बाई तोवर तीनदा जाऊन आलेली असते. लघवी दाबून ठेवणारीचीच पट्टी खरे बोलते, आणि तसे दाबून ठेवू नका असे तिला सांगायचे असते.

दाबून ठेवण्याचे मूळ गावातच आहे. १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने राळेगणने नालाबांध आणि पाझर तलावांतून पावसाचे पाणी अडवले, विहिरींना पाणी आले, कोरडवाहू शिवारात कांदा उभा राहिला. लोटाबंदीच्या आग्रहातून अशा आदर्श गावांत घराघरांत संडास आले. पण खुरपणीला गेलेल्या बाईला बांधावर आडोसा कोण देणार, हा प्रश्न कोणत्याही पंचसूत्रीत बसला नाही. ती सकाळपासून घोटभरच पाणी पिते. धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा, नारळपाणी हे उन्हाळीवरचे उपाय तिला सांगावे लागत नाहीत. मोकळे होण्याची जागा मात्र कोणी सुचवत नाही. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग निघाले आणि पूर्वी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. १९८९ साली छापलेले ते आकडे बायकांच्या न बोलण्याचेच मोजमाप होते.

या पोकळीत मेडिकलचे दुकान उभे राहते. तिथे मिळणाऱ्या गोड पातळ औषधाने लघवीची आम्लता उतरते, आग थांबते, जिवाणू राहतात. दुसरीकडे, अहवालात आठ-दहा ‘पस सेल’ दिसताच गरोदरपणात टाळायच्या क्विनोलोन गटातील गोळ्या लिहिणारे व्यवसायबंधूही आहेत, आणि त्यांच्याकडे गर्दी असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली लक्षणहीन संसर्गालाही सात दिवसांचे प्रतिजैविक सुचवले. नायट्रोफ्युरँटॉइन चालते, पण प्रसूती जवळ आली की नाही, कारण नवजाताच्या तांबड्या पेशी फुटण्याचा धोका असतो, सेफॅलेक्सिन चालते, फॉस्फोमायसिन ३ ग्रॅमची एकच मात्रा असते. संपल्यावर लघवीचे कल्चर पुन्हा करावे लागते, आणि तिथे परत तीच डबी. ताप, थंडी, कुशीत कळ असेल तर मात्र घरी गोळ्या देत बसू नये, दाखल करून शिरेतून औषध द्यावे.

मुरलेल्या डॉक्टरला खरे तर हीच तापाची रुग्ण आवडते. कमरेवर हलकी थाप मारून अहवालाआधी निदान सांगायचे, दोन दिवसांत ताप उतरवायचा आणि नातेवाइकांच्या डोळ्यांतला आदर पाहायचा, यावर त्याची ख्याती उभी असते. न झालेल्या तापाबद्दल पेढे कोणी आणत नाही. इकडे शिकाऊ परिचारिकेच्या डब्या स्वच्छ येऊ लागतात. ती संडासात आधी फळी ठोकून घेते, दिवा लावते, हाताने दाखवत ‘ताई, पहिली जाऊ द्या’ एवढेच म्हणते. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० साली सुरू केलेल्या कामात गावच्या बायकांनाच आरोग्यसेविका केले, त्यामागची बुद्धी हीच. ती बाई आहे म्हणून तिला जमते, असे डॉक्टर इतरांना सांगतो. फळी तर पुरुषालाही ठोकता आली असती, हे तो सांगत नाही. आणि नगरहून आलेला अहवाल आधी आपल्याच हाती पडावा, हा त्याचा आग्रह अजून सुटलेला नाही.