साउंड कार्ड निवडताना

‘साउंड कार्ड कोणतं घेऊ?’ असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो : आवाज कॉम्प्युटरमधून नुसता बाहेर पडायचा आहे, की आतही यायचा आहे? गेम खेळणाऱ्याला बाहेर पडणारा आवाज महत्त्वाचा. बोलायला हेडसेटचा माइक पुरतो. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला आवाज आत घ्यायचा असतो, आणि त्याची सगळी निवड त्या वाटेवर ठरते.

*

सुरुवातीला दोघांचं एकाच कार्डात भागत होतं. 1987च्या ॲडलिब कार्डात यामाहाची एफएम चिप होती. एका वेळी नऊ सूर निघत. 1989मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीनं साउंड ब्लास्टर आणलं. त्यात तीच चिप, शिवाय रेकॉर्ड केलेला आवाज वाजवायची सोय आणि जॉयस्टिकचं पोर्ट. त्याच पोर्टला वेगळी केबल लावून मिडी कीबोर्डही जोडता येई.

*

वाटा फुटल्या त्या नव्वदच्या दशकाच्या शेवटी. 1998च्या साउंड ब्लास्टर लाइव्हमध्ये ईएएक्स होतं. गेममध्ये गुहेत शिरलं की आवाज गुहेतल्यासारखा घुमे. पण ते कार्ड आत सगळा आवाज 48 किलोहर्ट्झला फिरवून घेई, आणि सीडी असते 44.1ची. संगीतवाल्यांना हा बदल खटकला. त्यांच्यासाठी संगीताचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या स्टाइनबर्गनं 1997मध्येच एएसआयओ ही ड्रायव्हरची पद्धत आणली होती. विंडोजचा मिक्सर टाळून सॉफ्टवेअर थेट कार्डाशी बोलू लागलं.

*

2007च्या विंडोज व्हिस्टानं, गेम आवाजासाठी वापरत त्या डायरेक्टसाउंडची कार्डापर्यंतची थेट वाट बंद केली. पाऊल डावीकडून वाजलं की मागून, हा हिशेब आता गेमचं इंजिन प्रोसेसरवरच करतं. म्हणून ‘गेमिंग’ छापलेल्या कार्डाला पूर्वीइतकं काम उरलेलं नाही. मदरबोर्डवरची चिप बहुतेकांना पुरते. पैसे चांगल्या हेडफोनला द्यावेत.

गेममध्येच हेडफोनसाठी वेगळा पर्याय असेल तर तो चालू करावा आणि कार्डाचा आभासी सराउंड बंद ठेवावा. दोन्ही एकावर एक चढले की दिशा पुसट होते.

*

माउस हलवला की हेडफोनमध्ये किरकिर येते? ती कॅबिनेटमधल्या विजेची. पुढच्या जॅकची वायर मदरबोर्डवरून लांब फिरून येते, म्हणून आधी मागचा जॅक वापरून बघा. त्याला खर्च नाही. तरीही किरकिर राहिली, किंवा 250 ओहमचे हेडफोन हळू वाजत असले, तर यूएसबीवर चालणारा, हेडफोन ॲम्प असलेला बाहेरचा डॅक, म्हणजे आवाज फक्त बाहेर काढणारं साउंड कार्ड, घ्यावा.

*

आता गाणाऱ्याचं गणित. सेकंदाला 48,000 सॅम्पल धरले तर 1024 सॅम्पलच्या बफरला (पुढे जाण्याआधी आवाज जमा होतो तो साठा) सुमारे 21 मिलिसेकंद लागतात. आवाज आत आला, बाहेर गेला, की झाले 42. हवेत आवाज मिलिसेकंदाला साधारण 34 सेंटिमीटर जातो. म्हणजे स्वतःचाच सूर चौदा मीटरवरून ऐकत गायचं! बफर 256 केला की हेच अंतर साडेतीन मीटरच्या आसपास येतं. एवढा लहान बफर न अडखळता पेलणारा ड्रायव्हर असणं, हा चांगल्या ऑडिओ इंटरफेसचा, म्हणजे माइक जोडता येणाऱ्या बाहेरच्या साउंड कार्डाचा, मोठा गुण. डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण असेल तर उत्तमच : माइकचा आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता सरळ कानात येतो.

*

तंबोऱ्यावर इंटरफेस पारखावा. जवारीतून उमटणारे वरचे स्वर नाजूक असतात. ते टिपायला गेन वाढवला की हलक्या प्रीॲम्पची सूंऽऽसुद्धा वाढते, आणि षड्ज-पंचमाच्या मधल्या शांततेत ती लपत नाही. कंडेन्सर माइक लावणार असाल तर 48 व्होल्टची फँटम पॉवर हवीच.

*

इनपुट किती लागतील ते विकत घेण्याआधी मोजावं. गळा एक, पेटी एक, तबला एक, डग्गा एक : झाले चार. एकट्यानं रियाज टिपायचा तर दोन पुरे.

*

खोक्यावरच्या 192 किलोहर्ट्झला भुलू नये. 44.1 किंवा 48 पुरतात. 24 बिट मात्र जरूर वापरावं. पातळी थोडी खाली ठेवून गाता येतं, मग तान अचानक चढली तरी आवाज फाटत नाही.

*

घरात एक गाणारं आणि एक खेळणारं असेल, आणि पैसे एकदाच घालायचे असतील, तर इंटरफेस घ्यावा. त्यावर गेम नीट चालतात. गेमिंग कार्डावर मात्र चार माइक लागत नाहीत. उरलेल्या पैशातून आधी माइक घ्यावा, आणि खोलीत जाड पडदे, सतरंज्या टाकाव्यात. खोलीचा घुमारा एकदा रेकॉर्डिंगमध्ये शिरला की महागातलं महाग कार्डही तो बाहेर काढू शकत नाही.