सात शिडांचे गलबत

ताना बेरूच्या किनाऱ्यावर गलबत आधी ऐकू येते आणि मग दिसते. माडांच्या पलीकडून लाकडावर लाकूड ठोकल्याचा आवाज येत राहतो. चार पावले पुढे गेले की वाळूत टेकूंवर उभा अर्धा देह समोर येतो. इंडोनेशियात दक्षिण सुलावेसीच्या बुलुकुंबा भागातले हे सुतार. एरवी बहुतेक ठिकाणी आधी सांगाडा उभारतात आणि मग त्यावर फळ्या ठोकतात. इथे आधी फळ्यांचे कवच जोडतात, बरगड्या मागाहून आत बसवतात. पिढीजात पद्धतीत कागदावर नकाशा नसतो. फळीला किती बाक द्यायचा हे म्हाताऱ्या मिस्त्रीची नजर ठरवते. फळीला फळी सांधायची ती लाकडी खुंट्यांनी आणि फटींत झाडाच्या सालीचे पापुद्रे ठासायचे. उलिन नावाचे लाकूड इतके जड की पाण्यात टाकले तर सरळ तळाला जाते. बुडणाऱ्या लाकडाचे तरंगणारे घर बांधायचे, असा हा व्यवसाय.

तळाचा कणा घालताना त्याची दोन्ही टोके कापतात. पुढचा तुकडा समुद्राला देतात, मागचा जमिनीवर ठेवतात. एक दर्यावर जाणारा नवरा, दुसरी घरी वाट पाहणारी बायको, असे सांगतात. वाट पाहणे कोकणातल्या माणसाला वेगळे समजावून द्यावे लागत नाही. 2017 साली युनेस्कोने या नौकाबांधणीला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले.

या गलबतांना सरसकट पिनिसी म्हणतात. जाणकार मात्र सांगतात की पिनिसीपण देहात नसते, शिडांत असते: दोन डोलकाठ्या आणि सात शिडे. तीन पुढे नाळेवर, दोन मोठी, आणि त्यांच्या डोक्यावर दोन लहान. मोठ्या शिडांची वरची काठी जागची हलत नाही. शीड तिच्या कडेने पडद्यासारखे ओढून उघडायचे आणि तसेच मिटायचे.

असे गलबत भाड्याने घ्यायचे तर बहुतेक जण फ्लोरेस बेटावरच्या लाबुआन बाजोला जातात. आम्हीही तिथेच गेलो. गलबताच्या पोटात केबिनी होत्या, केबिनींत वातानुकूलन होते आणि स्वयंपाकी रोज ताजा मासा करीत असे. पादार बेटाची चढण, कोमोडोचे अजस्र सरडे, संध्याकाळी खारफुटीतून उठणारे वटवाघळांचे थवे, हे सगळे छायाचित्रांत असते तसेच आणि तितकेच सुंदर. त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत.

मला वारा हवा होता. पहिल्या सकाळी मी वाटाड्याला विचारले, शिडे कधी उघडणार? त्याने हसून, अगदी अदबीने विचारले, “फोटोसाठी?”

उघडली. दोन उघडली. वर ड्रोन फिरला, खाली इंजिन धडधडतच राहिले. ते आटोपल्यावर शिडे पुन्हा मिटली.

कप्तानाला दोष देता येत नाही. या बेटांमधल्या सामुद्रधुन्यांतून पॅसिफिकचे पाणी हिंदी महासागराकडे ओढले जाते. त्यात भरती-ओहोटीची भर पडली की प्रवाह नदीसारखा धावतो, भोवरे फिरतात. पाहुण्यांना सूर्योदयाआधी पादारच्या पायथ्याशी पोचायचे असते, आणि वारा कुणाचे वेळापत्रक पाळत नाही. शिवाय शिडांना माणसे लागतात. 1970 नंतर इंजिने आली तशी त्या कामातली माणसे कमी होत गेली.

इंजिनांच्या कितीतरी आधी, डिसेंबर 1856 मध्ये इंग्रज निसर्ग-अभ्यासक आल्फ्रेड रसेल वॉलेस सुलावेसीतल्या मकासारहून आरू बेटांकडे निघाला तो देशी गलबतातून. डेकवर शाकारलेली एक छोटी खोली त्याच्या वाट्याला आली होती. समुद्रावर इतका आराम आपल्याला कधी मिळाला नव्हता असे त्याने लिहून ठेवले आहे, आणि त्याचे एक कारण दिले आहे ते वासाचे: रंग नाही, डांबर नाही, तेल-ग्रीस नाही, बांबू, वेत, काथ्या आणि पाने. पश्चिमेच्या मोसमी वाऱ्याबरोबर जायचे आणि वारा फिरला की परत यायचे, हा त्या व्यापाराचा रिवाज. आज त्याच समुद्रात आम्ही डिझेलच्या वासात न्याहारी करीत होतो.

तरीही भाड्याच्या या धंद्याला नाके मुरडणे मला पटत नाही. आपल्याकडे मीठ, कौले, लाकूड मुंबईला नेणारी शिडाची गलबते इंजिनांनी आणि ट्रकांनी संपवली. ती भाड्याने घ्यायला कुणी आले नाही, आणि त्यांची शिडे शिवणारे हातही बसून गेले. ताना बेरूत आज ठोकाठोक ऐकू येते याचे एक कारण आमच्यासारखे पाहुणे आहेत. पण पाहुण्यांच्या पैशाने तगला तो सुतार. वारा ओळखून दोर ढिला सोडणारा खलाशी तगला नाही. युनेस्कोच्या नोंदीतही नाव बांधणीचेच आहे. 1986 साली ‘पिनिसी नुसांतारा’ हे गलबत जकार्ताहून पॅसिफिक ओलांडून व्हँकुव्हरच्या प्रदर्शनाला गेले होते. गलबतात ती ताकद आहे. मागणी नाही, एवढेच.

म्हणून कधी असे गलबत ठरवलेत तर केबिन किती आणि जेवणात काय, हे मागाहून विचारा. आधी विचारा की सातही शिडे जागेवर आहेत का आणि ती चढवणारी माणसे गलबतावर आहेत का. उघड्या पाण्यात, वारा असेल त्या दुपारी, इंजिन बंद करून दोन तास नुसत्या शिडांवर जायचे, हे बयाणा देण्याआधी कबूल करून घ्या. त्यापायी एखादे बेट पाहायचे राहिले तर राहू द्या, आणि खलाशांना त्या दोन तासांचे वेगळे पैसे द्या.